रेडॉन घेऊन जा गे मारबत!

"मॅडम, पर्स उघडा."

भाड्याची खोली बघायला गेले आणि घरमालकाचं पहिलं वाक्य हे! मी दारात, ते दारात, आणि मधे त्यांचा आडवा हात. सिहोऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात मी शाळेत नुकतीच रुजू झाले होते. भंडाऱ्याहून रोजची बस झेपेना, म्हणून खोली शोधत होते. म्हटलं, हे कुठलं घर बाई, इथं तर पोलीस चौकी आहे.

"काडीपेटी, लायटर, फटाका, असं काई?"

"नाही हो!"

"मोबाईलची बॅटरी फुगली त नाई न?"

"नाही."

"मंग या आत. बसा न. चहा घेता का?"

हे इतक्या मायेनं म्हणाले की आलेला राग तसाच गिळावा लागला. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं मला डोळ्यांनीच खूण केली, की मनावर घेऊ नका, हे असेच आहेत. खोली हवेशीर होती, शाळा जवळ होती, आणि काकूंच्या हातचा चहा झकास होता. मी राहिले.

त्यांना मी काकाजी म्हणायची. गाव त्यांना सेफ्टी बाबूजी म्हणायचं. सगळी नोकरी त्यांनी जवाहरनगरच्या फॅक्टरीत काढली, तीही गेटवर. बारुदाचं काम, तेव्हा आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपून काडीपेटी-विडी बाहेर ठेवून घ्यायची, ही त्यांची ड्यूटी. रिटायर झाले, गावी येऊन घर बांधलं, पण हात काही रिटायर झाले नाहीत. पाहुणा असो, पोस्टमन असो, मत मागायला आलेला उमेदवार असो, दारात आधी खिसे. उमेदवार तर बिचारा हात वर करून उभा राहिला होता, आणि मागचे कार्यकर्ते आपापल्या गुटख्याच्या पुड्या लपवत होते.

त्यांच्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नात कहर झाला. वरात तुमसरहून आली. मांडवाच्या दारात काकाजी आरतीच्या ताटाच्या बाजूला उभे. काकूंनी नवरदेवाला ओवाळलं, आणि काकाजींनी नवरदेवाच्या बापाचा खिसा चाचपला. काडीपेटी निघाली. ती त्यांनी काढून घेतली, कागदाच्या चिटोऱ्यावर नाव लिहून नीट बांधून ठेवली आणि पोरगी सासरी निघाली तेव्हा रडत रडत व्याह्यांच्या हातात परत दिली. व्याही हसले. विहीणबाई मात्र नाही हसल्या. हे सगळं मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना अजूनही त्यांचं डोकं तापत होतं.

काकाजींचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दिसते त्याले कोनी बी भेते, मॅडम. न दिसते त्याची ड्यूटी कोन करन?" हे वाक्य ते बसमध्ये म्हणायचे, कारण ते कायम संकटकाळच्या दाराजवळची सीट धरायचे आणि गाडी सुटायच्या आधी तो दांडा हलवून बघायचे. कंडक्टर त्यांना ओळखून होता. महाप्रसादाच्या पंगतीत म्हणायचे, कारण ते जेवायच्या आधी आचाऱ्याच्या सिलेंडरची नळी हुंगायला जायचे. दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, मंडपात तर ऐन रंगात आलेल्या खेळात उठून "बाहेर जाचा रस्ता हिकडून हाय बरं का!" असं सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. लोक हसायचे. काकाजींना राग येत नसे. हसणाऱ्या माणसाचा खिसा ते दोनदा तपासायचे, बस्स.

पण खरं सांगू का, मला त्यांची दया यायची. इतकी वर्षं पहारा केला आणि त्यांच्या गेटवर कधी काही म्हणजे काही झालं नाही. ही चांगलीच गोष्ट झाली न? पण काही न झाल्याबद्दल कोणी हार घालत नाही. त्यांना एखादा तोलामोलाचा शत्रू हवा होता, आणि गावात होते फक्त डास.

तो शत्रू नागपूरहून आला.

एका कॉलेजचे प्राध्यापक आपल्या दोन विद्यार्थिनींना घेऊन ग्रामपंचायतीत आले. सभा भरली. सर म्हणाले, जमिनीत, खडकात अगदी किंचित युरेनियम असतं. त्यातून रेडॉन नावाचा वायू निघतो. घराच्या तळातल्या फटींतून तो वर येतो आणि बंद खोलीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात श्वासातून गेला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, विडी पिणाऱ्यांना आणखीच. मात्र घाबरायचं काही कारण नाही. आपल्याला फक्त मोजायचं आहे, कोणत्या घरात किती आहे ते. जास्त निघालाच तर उपाय सोपा आहे, फटी बुजवायच्या आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या.

मी शेजारीच बसले होते. काकाजींचा चेहरा मी पाहिला. रंग नाही, वास नाही, आवाज नाही, आणि गेटमधून नाही तर थेट जमिनीखालून येतो! आयुष्यभर वाट पाहिलेला पाहुणा समोर यावा तसे ते उठून उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "गावची जिम्मेदारी माझी."

सरांनी आणलेल्या डब्या म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या वाट्या होत्या, झाकण असलेल्या. आत एक फिल्म. रेडॉनचे न दिसणारे ओरखडे त्या फिल्मवर उमटतात, मग ती नागपूरला नेऊन तपासायची. डबी पावसाळ्याच्या तोंडाशी टांगायची ती पोळा झाला की काढायची. म्हणजे मोजून तीन महिने. तोवर हात लावायचा नाही, हलवायची नाही, चुलीजवळ नको, पंख्याखाली नको. पोळ्यानंतरच्या आठवड्यात सर स्वतः येऊन डब्या नेणार होते.

डब्या वाटायला काकाजी निघाले आणि मला सोबत ओढलं. कारण काय, तर मी शाळेत भूगोल शिकवते. भूगोल म्हणजे जमीन, रेडॉन जमिनीतून येतो, म्हणजे रेडॉन माझ्या विषयात आला. मी म्हटलं, काकाजी, मी पाचवीच्या पोरांना दिशा शिकवते हो. पण ऐकतंय कोण!

"बाबूजी," एका घरी म्हातारबा खाटेवरून म्हणाले, "वास नाई म्हन्ता, रंग नाई म्हन्ता, दिसत नाई म्हन्ता. मंग हाय कायले म्हन्ता?"

"म्हूनच त डबी!" काकाजी उसळले. "तो दिसत नाई म्हून हे डबी. तीन महिने टांगून ठेवा. रेडॉन हिच्यात जमा होते!"

झालं. इथंच गोम होती, आणि मला तेव्हा ती कळली नाही. 'फिल्मवर ओरखडे उमटतात' हे सांगायला वेळ लागायचा, समोरचा जांभई द्यायचा. 'हिच्यात जमा होते' म्हटलं की बाईमाणूस चटकन डबी हातात घ्यायची. काकाजींनी ते वाक्य घरोघर वापरलं. कपाटात डांबरगोळी ठेवतो न आपण, तशी ही रेडॉनची गोळी, असं गावानं समजून घेतलं.

मग काय विचारता! कोणी डबी देवघरात टांगली आणि हळदीकुंकू लावलं. कोणी धानाच्या कोठीत सोडली, म्हणे धानाला रेडॉन लागू नये. एकानं गोठ्यात, म्हशीच्या डोक्यावर. "अवो, गोठ्याले भिंतीच नाईत, इथी कायचा रेडॉन साठते!" काकाजी कळवळून म्हणाले. तो म्हणाला, "बाबूजी, म्हैस दूध देते, घरचे लोक काई देत नाईत." एका घरी तर डबी थेट फ्रिजमध्ये निघाली, शेजारी कोथिंबीर. काकाजी दर रविवारी सगळी घरं फिरून डब्या बघून यायचे, हात न लावता, हात मागे बांधून.

स्वतःच्या घरातली डबी त्यांनी मागच्या खोलीत टांगली. ती खोली सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या बाजूला, एकच खिडकी, कोब्याला दोन लांबच लांब फटी. आणि हीच खोली ठरली होती बाळंतिणीची.

कारण पोरीला दिवस गेले होते. पहिलटकरीण, माहेरी येणार, दिवाळीच्या आधी मोकळी होणार. काकूंनी डिंक आणून ठेवला होता, ओवा निवडून ठेवला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. बाळंतिणीची खोली कशी असते ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. खिडकी बंद, खिडकीच्या फटीत बारदाना कोंबलेला, दारावर चादर, आत शेक, ओव्याचा धूर आणि बाळंतिणीचे कान बांधलेले. वारा म्हणून आत शिरता कामा नये.

काकाजींनी ती खिडकी सताड उघडली.

"बंद करा ते," काकू म्हणाल्या.

"नाई. रेडॉन साठते."

"बाळंतनीले वारा लागला त जलमभर कंबर धरते, मालूम हाय का?"

"वारा दिसते का तुले?"

"अन तुमचा रेडॉन दिसते का?"

इतक्या वर्षांत काकाजींच्याच तत्त्वानं त्यांना कोणी असं चीत केलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनीही माझ्याकडे पाहिलं, कारण वारा हाही भूगोलातच येतो न!

"मॅडम, तुमीच सांगा," दोघंही एकदम म्हणाले.

मी म्हटलं, "मी मान्सूनचे वारे शिकवते. बाळंतिणीचे अभ्यासक्रमात नाहीत." आणि चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत पळाले.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण काकाजींच्या अंगात प्रामाणिकपणाचा रोग होता. एक दिवस त्यांनी आपण होऊन तुमसरला फोन लावला आणि व्याह्यांना सांगितलं, "पोरीच्या खोलीत रेडॉन असू शकते, तपासनी चालू हाय, तुमाले मालूम असावं म्हून सांगतलं." व्याह्यांना काही समजलं नाही, पण फोन विहीणबाईंच्या हातात गेला. त्यांना 'गॅस' एवढंच समजलं, आणि तेवढं पुरलं.

"आमची सून गॅसच्या घरात पाठवाची नाई. आधी रिपोर्ट आना. मंग पोरगी न्या."

खट्ट. फोन बंद.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "जगातल्या बायकांची पहिली बाळंतपनं मायच्या घरी होतेत. माझ्या पोरीचं होनार नाई. कायले? तिच्या बापाले खाज हाय म्हून!" तेव्हापासून त्या घरात नवराबायकोचं बोलणं बंद. सगळा कारभार माझ्यामार्फत. "मॅडम, त्याईले सांगा, भाजी वाढली." "मॅडम, तिले सांगा, मीठ कमी हाय." मी मीठ कमी आहे हे कधीच सांगितलं नाही, मला त्या घरात राहायचं होतं. पोरीचा फोन यायचा तेव्हा मात्र दोघंही स्पीकरवर वाकायची. "आई, मले घरी येवाचं हाय व," ती म्हणायची, आणि काकू पदर तोंडाला लावायच्या. काकाजी बाहेर पडवीत जाऊन बसायचे. एकदा मला म्हणाले, "मॅडम, मी चूप राह्यलो असतो त बरं झालं असतं का?"

आता सगळी भिस्त त्या डबीवर. रिपोर्ट चांगला आला की पोरगी घरी. काकाजी रोज सकाळी आंघोळ करून त्या खोलीत जात, डबीकडे बघत आणि परत येत. देवाला दाखवत नसतील इतकी श्रद्धा.

पोळा आला. बैल सजले, तोरणाखाली उभे राहिले, पुरणपोळी झाली, दारोदार पळसाच्या फांद्या लागल्या. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत. कोणी कोणी नारबोद म्हणतात. उजाडता उजाडता घरोघरचे लोक दारावरच्या त्या पळसाच्या फांद्या उचलतात, घरातली इडापिडा, ढेकूण, मच्छर, आजारपण सगळं त्या फांद्यांसोबत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि ओरडतात, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" लहानपणापासून ऐकत आले आहे मी. सकाळी जाग येते ती त्याच आरड्यानं.

त्या दिवशी मी अंगणात दात घासत होते. काकाजी नळाजवळ तांब्या घेऊन उभे. रस्त्यानं लोंढा चालला होता.

"मच्छर घेऊन जा गे मारबत!"

"रोगराई घेऊन जा गे मारबत!"

"रेडॉन घेऊन जा गे मारबत!"

काकाजींच्या हातातला तांब्या थांबला. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या.

"पायलं का मॅडम?" ते गहिवरून म्हणाले. "जागृती! खेड्यातल्या मानसाच्या तोंडी रेडॉन आला!"

"हो काकाजी," मी फेस थुंकत म्हटलं. पण माझी नजर गेली ती पुढच्या बाईच्या हाताकडे. पळसाच्या फांदीला दोऱ्यानं काहीतरी पांढरं बांधलेलं होतं. तिच्या मागच्याच्या फांदीलाही. त्याच्या मागे फ्रिजवाले. त्यांच्याही फांदीला.

"काकाजी," मी म्हटलं, "त्या डब्या तर नाहीत?"

काकाजी आधी रस्त्याकडे वळले, मग घराकडे, मग धावत मागच्या खोलीत. खिळा रिकामा होता. काकूही घरात नव्हत्या.

मग आम्ही धावलो. ते पुढे, बनियनवर, मी मागे, तोंडात ब्रश. नाल्यापलीकडे, शिवेवर, पळसाच्या फांद्यांचा ढीग पेटवून झाला होता. गावच्या सगळ्या डब्या त्यात वितळत होत्या आणि गाव खुशीत उभं होतं. कोणी काकाजींना म्हणालं, "बाबूजी, एकबी डबी ठेवली नाई. गेला तुमचा रेडॉन!" टाळ्या वाजल्या. इतकी वर्षं ज्याला हार मिळाला नाही त्या माणसाला त्या दिवशी टाळ्या मिळाल्या, आणि त्याचं तोंड बघवत नव्हतं.

"अवं, तू बी?" ते काकूंकडे वळून म्हणाले. कित्येक दिवसांनी ते थेट बोलले.

"मंग काय!" काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुमीच त सांगतलं, हिच्यात जमा होते म्हून. तीन महिने जमा झाला न? मंग भरली डबी सरांच्या हातात देली असती त रिपोर्ट खराबच आला असता. पोरगी आनाची हाय मले! रिकामं घर पायजे का भरली डबी?"

काय चूक होतं सांगा बरं त्यात? ज्या माणसानं 'जमा होते' सांगितलं त्याच्या शब्दाला धरूनच बाई वागली होती. काकाजी जाऊन नाल्यावरच्या रपट्याच्या, त्या बुटक्या पुलाच्या, कठड्यावर बसले. मी सरांना फोन लावला. झालेलं सांगितलं. मग सर हळूच म्हणाले, "मारबत म्हणजे नक्की काय?" त्यांना सगळं समजावलं. ते म्हणाले, आता नव्या डब्या, नवे तीन महिने.

पोरीचं पोट काही तीन महिने थांबणार नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं तुमसरला निघालो. काकूंचा प्रस्ताव सरळ होता: रिपोर्ट चांगला आला म्हणून सांगून टाकायचं. कोण येतं बघायला? काकाजींनी नकारार्थी मान हलवली. काकू म्हणाल्या, "बरं, खोटं बोलू नका. तोंड उघडूच नका. मी बोलन." काकाजींनी होकारार्थी मान हलवली. बसमध्ये ते त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसले नाहीत, काकूंच्या शेजारी बसले. म्हटलं, गडी खचला.

व्याह्यांचं घर राईस मिलच्या गल्लीत. विहीणबाई उंच, सडसडीत, शिस्तीच्या. चहा आला, पोहे आले. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी, हात पोटावर, डोळे बापावर.

"रिपोर्ट आनला का?" विहीणबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

"इहीनबाई," काकू पुढे सरकल्या, "रेडॉन मारबतीसंगं गेला. मी सोता नेऊन टाकला. सगळ्या गावानं टाकला."

विहीणबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "असं का! डबीसकट?"

"डबीसकट. जाळून आलो."

"मंग काय पायजे अजून! मी बी यायचा खोकला टाकून आली औंदा." त्यांनी व्याह्यांकडे बोट केलं. व्याही खोकले.

झालं होतं हो काम! पोरीच्या तोंडावर हसू फुटलं होतं. काकूंनी पोह्यांचा पहिला घास उचलला होता. मी मनातल्या मनात मारबतीला हात जोडले. आणि मग मला शेजारून एक आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा.

"गेला नाई," काकाजी म्हणाले.

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"डबी गेली. गॅस गेला नाई. डबी फक्त मोजते. असन त तो तिथंच हाय."

"अवो!" काकू किंचाळल्या.

"नसन बी," काकाजी म्हणाले. "मले मालूम नाई, ताई. रिपोर्ट नाई माझ्यापाशी. पोरीनं यावं असं लई वाटते मले. तिच्या मायनं बोलनं सोडलं माझ्याशी. पन मालूम नसून 'नाई' म्हनाचं, हे मले जमत नाई. फटी मी काल बुजवल्या, सिमेंट भरलं. खिडकी उघडी राहीन. सर म्हनाले, एवढं केलं की भेवाचं काम नाई. बाकी मी दारात बसीन. एवढंच सांगू शकतो."

विहीणबाई काकाजींकडे टक लावून बघत होत्या. मी म्हटलं, संपलं, आता बस धरा.

"लग्नात तुमी यायच्या खिशात हात घातला होता," त्या म्हणाल्या. "चार लोकांसमोर. मले वाटलं, हा मानूस आमाले चोर समजते."

"नाई हो ताई..."

"थांबा. आज तुमी आपल्याच पोरीचं काम बिघडवाले बसले. म्हनजे तुमी सगळ्याईलेच असे आहा." त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग काकूंकडे. "'गेला' म्हनासाठी इहीनबाई हाय. अन नाई गेला त पहारा कराले तुमी आहा. न्या पोरीले."

पोरगी चौकटीतच रडायला लागली, काकू ताटलीसकट उठल्या, आणि व्याह्यांनी आनंदाच्या भरात विडी काढली. काकाजींनी ती पाहिली, डोळे पुसले आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

पोरगी आली. त्याच दिवशी सरांनी पाठवलेली नवी डबी त्या खोलीत लागली, आणि काकूंनी शपथ घेतली की तिच्याकडे बघणारही नाहीत. दिवाळीच्या आधी नात झाली. गोरीपान, डोकंभर केस, आणि रडायला लागली की माझ्या वर्गातली पोरंही लाजतील असा आवाज.

आणि मग त्या घरात जे सुरू झालं ते मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. खिडकीचा तह झाला होता: दिवसा उघडी, सांजच्याला बंद. पण नात पाचव्या दिवशी शिंकली. एकदाच शिंकली. काकाजी पडवीतून जे उठले ते थेट खिडकीवर गेले आणि धाडकन झडपा लावल्या. "वारा लागून राह्यला न पोरीले! कोनी उघडी ठेवली?" बारदाना शोधायला ते स्वतः कोठीत गेले. आणि काकू? काकू बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नातीच्या नाकाकडे पाहिलं, मग कोब्यातल्या बुजवलेल्या फटीकडे, आणि उठून खिडकी पुन्हा सताड उघडली. "अन रेडॉन साठला त? इवलुशी छाती हाय तिची!"

"सर्दी होईन तिले!"

"फुप्फुस खराब होईन!"

ज्या बाईनं रेडॉन जाळून टाकला होता ती आता त्याला भीत होती, आणि ज्यानं सिमेंट कालवून त्याचे रस्ते अडवले होते तो वाऱ्यासाठी बारदाना कोंबत होता. दिवसभर ती खिडकी उघड-बंद, उघड-बंद. बाळंतीण बिचारी कान बांधून पडलेली, त्यामुळे तिला निदान भांडण ऐकू येत नव्हतं. मी शाळेतून आले की खिडकीच्या आवाजावरून ओळखायची, आत कोण आहे ते.

तीन महिने झाले, डबी नागपूरला गेली, आणि एका दुपारी सरांचा फोन आला. काकाजींनी स्पीकर लावला. आम्ही सगळे त्या फोनभोवती जमलो, पोरगी कडेवर लेक घेऊन.

"बाबूजी, अभिनंदन," सर म्हणाले. "रेडॉन अगदी कमी आहे. काळजीचं काहीच कारण नाही."

काकूंनी तिथूनच देवाला हात जोडले. काकाजींनी नातीचा पाय हातात धरला आणि धरूनच ठेवला.

"फक्त एक लिहायचं राहिलं," सर म्हणाले. "या तीन महिन्यांत त्या खोलीची खिडकी जास्त करून उघडी होती की बंद?"

"बंद," काकाजी म्हणाले.

"उघडी," काकू म्हणाल्या.

"नक्की काय लिहू?" सरांनी विचारलं.

तेवढ्यात नात शिंकली. फोन माझ्या हातात कोंबून दोघंही एकदम खिडकीकडे धावले.